‘लाइन ड्रेनेजला जोडलीये ना, मग झालं की!’

आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस आला की फोटो फिरायला लागतात, आणि लगेच दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते कंपन्यांनी वाट लावली, दुसरी म्हणते कंपन्या कसल्या, हे घराघरातलं साबणाचं सांडपाणी आहे. फेसाचं म्हणाल तर डिटर्जंट आणि फॉस्फेट त्यात असतंच, त्याबद्दल भांडण नाही. पण या भांडणात एक गोष्ट कुणी काढतच नाही, की कंपनीचं पाणी आणि आपल्या मोरीचं पाणी एकाच पाइपातून जात असेल तर? म्हणजे कंपनीवाल्याने नदीत काही सोडलेलंच नाही, त्याने रीतसर महापालिकेच्या ड्रेनेजला जोडणी घेतलीये, मग तो दोषी की नाही?

हे मला विचाराल तर थोडं लांबून सांगावं लागेल, कारण मी भोसरीकडे एका छोट्या प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर क्रोमचा मुलामा द्यायच्या, शॉपमध्ये लॅब सांभाळायचो. लॅब म्हणजे एक टेबल, दोन ब्युरेट आणि एक पीएच मीटर, जो मूड असेल तरच खरं बोलायचा. कामाला लागून आठवडा झाला नसेल, एक दिवस शेठ सकाळी येऊन म्हणाले, आज बोर्डाचे (प्रदूषण नियंत्रण मंडळाचे) साहेब यायची शक्यता आहे, मागच्या चेंबरला पाइप लावून पाणी सोडून ठेव. चेंबर म्हणजे शॉपमधलं पाणी ड्रेनेजला जायच्या आधी जिथे येतं तो हौद, मला वाटलं तो धुवायचाय. अर्ध्या तासाने बघतो तर चेंबरमधलं हळदीसारखं पिवळं पाणी लिंबू सरबतासारखं झालेलं, आणखी तासाभराने जवळजवळ बिनरंगी. शेठ खूश. मी पण खूश, कारण सॅम्पल पास होणार होतं.

यात चूक काय ते समजायला मला बरेच महिने लागले, तुम्हाला पाच मिनिटांत सांगतो.

क्रोम प्लेटिंगची जी मोठी टाकी असते, म्हणजे बाथ, तिच्यात साधारणपणे लिटरला 250 ग्रॅम क्रोमिक ऍसिड असतं. त्यात क्रोमियम धातू म्हणून मोजला तर लिटरला 130 ग्रॅमच्या आसपास. जॉब, म्हणजे ज्याला प्लेटिंग करायचं तो पार्ट, जिगला लटकवून बाथमध्ये बुडवतात, वर काढतात, मग साध्या पाण्याच्या टाकीत बुचकळून धुतात. वर काढताना जॉबला चिकटून बाथचं थोडं पाणी येतं, थेंब थेंब, ते त्या धुण्याच्या पाण्यात उतरतं. दिवसभरात असं समजा चार लिटर उतरलं. चार लिटर म्हणजे घरी पाण्याचा छोटा हंडा पण भरत नाही. पण त्यात क्रोमियम किती, तर 500 ग्रॅमच्या वर. आता शॉपमधून दिवसाला 10,000 लिटर धुण्याचं पाणी बाहेर जात असेल तर दर लिटरला 50 मिलिग्रॅम झालं, आणि गटारात सोडायची मर्यादा आहे 2. म्हणजे 25 पट जास्त, सपशेल फेल.

आता पाइप लावून चेंबरमध्ये साधं पाणी सोडा. 10,000 लिटरचं 10 लाख लिटर केलंत (कुणी करणार नाही, पण धरून चाला) तर दर लिटरला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे झकास पास. पण क्रोमियम किती गेला? तेवढाच, 500 ग्रॅम. एक कणही कमी नाही. उलट दहा लाख लिटर चांगलं पाणी वाया घालवलं ते वेगळंच, आणि एमआयडीसी पाण्याचं बिल लावते ते पण वेगळंच.

सांडपाण्याच्या नियमांतली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, की ‘लिटरमागे किती’ हा एक प्रश्न आणि ‘दिवसाला एकूण किती’ हा दुसरा, आणि नदीला, मातीला, माशाला दुसऱ्या प्रश्नाशी मतलब असतो. कागदावर मात्र बहुतेक वेळा पहिलाच विचारला जातो.

मग मर्यादा ठरते कशी? आपल्याकडे 1986 चे पर्यावरण संरक्षण नियम आहेत, त्यांच्या सहाव्या परिशिष्टात एक मोठा तक्ता आहे. त्यात चार रकाने, म्हणजे पाणी कुठे सोडताय त्याप्रमाणे: नदी-नाला-तलाव, सार्वजनिक गटार, शेतजमीन, समुद्र. नदीच्या आणि गटाराच्या रकान्यातले आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचले की मजा येते. सगळे आकडे लिटरला मिलिग्रॅममध्ये. बीओडी, म्हणजे पाण्यातल्या सडणाऱ्या घाणीचं माप, नदीला 30, गटाराला 350. तरंगणारा गाळ नदीला 100, गटाराला 600. तेल-ग्रीस 10 आणि 20. आपला तो पिवळा, षट्संयुजी क्रोमियम, ज्याला शॉपमध्ये सगळे नुसतं ‘क्रोम सिक्स’ म्हणतात, तो नदीला 0.1 आणि गटाराला 2, म्हणजे वीसपट सूट. सायनाइड 0.2 आणि 2. शिसं 0.1 आणि 1. पारा तेवढा दोन्हीकडे 0.01, पाऱ्याला कुणी सूट दिली नाही, बरं केलं.

ही सूट का? कारण गृहीत असं धरलंय की गटाराच्या शेवटी महापालिकेचा एसटीपी आहे, म्हणजे मैलापाणी शुद्धीकरण केंद्र, आणि उरलेलं काम तो करणार. बस एवढंच कारण आहे. आणि त्याच तक्त्यात गटाराच्या बीओडीला एक टीप जोडलेली आहे जी वाचायचे कष्ट फारसे कुणी घेत नाही. टीप म्हणते, ही मर्यादा तेव्हाच लागू, जेव्हा ते गटार जैविक प्रक्रिया असलेल्या केंद्रापर्यंत जात असेल, नाहीतर गटारात सोडलेलं पाणी हे नदीत सोडलेलंच धरायचं. म्हणजे 350 नाही, 30.

आता ही टीप हातात धरून आपल्या शहरांकडे बघा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा 2021 चा अहवाल सांगतो की देशातल्या शहरांत 72,368 एमएलडी मैलापाणी तयार होतं, एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर, आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होते 20,236 एमएलडीवर. शंभर लिटरमधल्या अठ्ठावीस लिटरवर. बाकीचं बहात्तर लिटर ज्या गटारातून जातं त्या गटाराला जोडलेला कारखानदार ‘माझं 350 च्या आत आहे’ म्हणत असेल तर तो चुकीचा रकाना वाचतोय. पण त्याला दोष तरी किती द्यायचा, जोडणी देणाऱ्यानेच त्याला सांगितलं नाही की या गटाराचं दुसरं टोक कुठे उघडतं.

बरं, समजा शेवटी एसटीपी आहे आणि चालू पण आहे. तो नेमकं करतो काय? बऱ्याच लोकांना वाटतं की तिथे केमिकल टाकून पाणी साफ करतात. तसं नाही. एसटीपी हा विरजणाचा कारखाना आहे. मोठ्या टाकीत जिवाणू पाळलेले असतात, खालून हवा सोडतात, जिवाणू पाण्यातली घाण खातात, वाढतात, मग पुढच्या टाकीत जड होऊन खाली बसतात. वरचं स्वच्छ पाणी पुढे जातं आणि खाली बसलेल्या चिखलातला काही भाग परत पहिल्या टाकीत आणून टाकतात, जसं आपण उद्याच्या दह्यासाठी चमचाभर दही बाजूला ठेवतो. ही पद्धत 1914 साली मँचेस्टरमध्ये सापडली आणि आजही जगातली बरीचशी केंद्रं याच तत्त्वावर चालतात. बीओडी म्हणजे काय तर या जिवाणूंना ती घाण खायला किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप, बाटली तीन दिवस 27 अंशांवर ठेवून काढतात, म्हणून बीओडीचा रिपोर्ट त्याच दिवशी हातात पडला तर समजून जा की काहीतरी गडबड आहे.

एका एसटीपीवर मला तिथल्या केमिस्ट मॅडमनी सूक्ष्मदर्शकात दाखवलं होतं, देठावर उलटी घंटा लावल्यासारखा एक जीव असतो, व्होर्टिसेला, धक्का लागला की देठाची स्प्रिंग करून आत ओढून घेतो आणि परत हळूच उलगडतो. मॅडम म्हणाल्या, मी सकाळी आल्यावर रिपोर्ट नंतर बघते, आधी या घंटा बघते, या हलत असतील तर प्लांट ठीक आहे, ज्या दिवशी दिसत नाहीत त्या दिवशी रात्री कुणीतरी काहीतरी सोडलेलं असतं. मी गप्प. कारण आमचा चेंबर त्याच लाइनला होता.

तर या विरजणात कुणी फिनाइल ओतलं तर? दही लागत नाही, एवढंच नाही, उद्याचं विरजणही मेलं. क्रोम सिक्स, सायनाइड, तांबं, निकेल, जोरदार ऍसिड हे सगळं जिवाणूंना मारतं किंवा सुस्त करतं. त्यातले अमोनिया खाणारे जिवाणू तर फारच नाजूक आणि वाढायला हळू, ते गेले की परत जमायला आठवडे जातात, आणि तोपर्यंत अख्ख्या शहराचं मैलापाणी अर्धवट साफ होऊन नदीत. एका शॉपची एक रात्र, आणि लाखो लोकांच्या संडासाचं पाणी नदीत, हा हिशोब आहे.

आणि जे जिवाणूंना मारत नाही ते काही वेळा सरळ आरपार निघून जातं. मीठ घ्या. डाइंगवाले सूत रंगवायला भरमसाट मीठ वापरतात, जिवाणू मीठ खात नाहीत, जेवढं आलं तेवढं गेलं. तमिळनाडूत तिरुपूरला नोय्यल नदीचं याच मिठाने आणि रंगाने वाटोळं झालं, शेवटी 2011 साली मद्रास हायकोर्टाने डाइंगचे कारखानेच बंद करायला लावले. किंवा काही रसायनं जिवाणूंना पचतच नाहीत, अशांचा सीओडी, म्हणजे घाण रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप, मोठा आणि बीओडी छोटा येतो, म्हणजे घाण आहे पण खाणारं कुणी नाही. आणि गंमत बघा, त्या तक्त्यात गटाराच्या रकान्यात सीओडीसमोर आकडाच नाही, रेघ आहे. मंडळ एखाद्या कारखान्याच्या संमतीपत्रात वेगळी अट टाकू शकतं, पण तक्त्याच्या भरवशावर बसाल तर तिथे भोक आहे.

तिसरा रस्ता चिखलाचा. धातू नष्ट होत नाहीत, आमचे 500 ग्रॅम एकतर पाण्याबरोबर नदीत नाहीतर जिवाणूंबरोबर खालच्या चिखलात. तो चिखल वाळवून खत म्हणून शेतकऱ्याने नेला तर मेथीच्या वाफ्यात. म्हणजे एसटीपी उत्तम चालला तरी क्रोमियम कुठेतरी आहेच, फक्त पत्ता बदलला.

हे झालं हळूहळू होणारं. काही गोष्टी लगेच होतात. अमेरिकेत केंटकी राज्यात लुईव्हिल नावाचं शहर आहे, त्याची गोष्ट या विषयात सगळे सांगतात कारण त्या शहराने दोनदा मार खाल्ला. 1977 साली कीटकनाशकं बनवायला लागणारं एक रसायन कुणीतरी गुपचूप गटारात ओतलं, प्लांटवरचे कामगार आजारी पडले, प्लांट बंद ठेवून धुवायला महिने लागले आणि तेवढे दिवस शहराचा मैला थेट ओहायो नदीत. मग 13 फेब्रुवारी 1981 ला पहाटे एका सोयाबीन तेलाच्या कारखान्यातून हेक्झेन नावाचं पेट्रोलसारखं द्रावण गटारात गेलं, त्याची वाफ पाइपात साचत गेली, आणि कामावर निघालेल्या दोन बायकांची गाडी पुलाखालून जाताना ठिणगी पडली. दोन मैलांहून जास्त लांबीचे रस्ते उकलले. रस्त्याच्या मधोमध खड्ड्यांची रांग, मॅनहोलची झाकणं उडालेली. नशीब पहाट होती, मेलं कुणी नाही. 1992 मध्ये मेक्सिकोत ग्वादलाहाराला गटारात पेट्रोल शिरून स्फोट झाले तेव्हा दोनशेच्या वर माणसं गेली.

लांबचं कशाला, 6 जानेवारी 2022 ला सुरतच्या सचिन औद्योगिक वसाहतीत टँकरमधून केमिकल नाल्यात सोडत असताना गॅस झाला आणि शेजारच्या मिलमधले सहा कामगार गेले. लुधियानात 30 एप्रिल 2023 ला ग्यासपुरा भागात सकाळी अकरा माणसं, त्यात लहान मुलं, रस्त्यावर आणि घरात कोसळून गेली, संशय गटारातून आलेल्या हायड्रोजन सल्फाइडवर. हा गॅस कसा होतो? मैलापाण्यात गंधकाची संयुगं असतात, त्यात कुणी ऍसिड सोडलं की ती गॅस होऊन वर येतात. सायनाइडच्या पाण्यात ऍसिड मिसळलं तर त्याहून वाईट. म्हणून शॉपमध्ये ऍसिडची लाइन आणि सायनाइडची लाइन वेगळी ठेवा हे पहिल्या दिवशी घोकून घेतात, आणि रस्त्याच्या मॅनहोलमध्ये मात्र याची ऍसिड लाइन आणि शेजारच्याची सायनाइड लाइन आरामात भेटतात, तिथे कुणी घोकून घेत नाही. सल्फाइडचा अजून एक डाव म्हणजे थोडा असला की सडक्या अंड्याचा वास येतो, जास्त झाला, शंभर पीपीएमच्या आसपास, की नाकच बधिर होतं आणि वास येणं बंद. मॅनहोलमध्ये उतरलेल्या माणसाला वाटतं गॅस गेला. 2013 च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय असं उतरवायला बंदी आहे, तरी उतरवतात, आणि त्या माणसाला वरच्या गल्लीत रात्री कुणी काय सोडलंय हे कोण सांगणार.

तर नियम नेमके कसे असावेत? अमेरिकेने 1978 मध्ये जे केलं ते मला पटतं, सगळं नाही पण मुख्य कल्पना. तिथे कारखान्याला गटाराची परवानगी साधारणपणे शहराची सांडपाणी संस्थाच देते, म्हणजे ज्याचं विरजण त्याच्याच हातात फिनाइल अडवायची काठी. ते उलटा हिशोब करतात. आधी बघतात की आपल्या प्लांटला दिवसाला किती तांबं झेपतं, चिखल शेतात द्यायचा तर त्यात किती चालेल, नदीत किती सोडायची मुभा आहे, या तिन्हीत जो आकडा सगळ्यात छोटा तो घ्यायचा, त्यातून घरांमधून येणारं वजा करायचं, थोडं राखून ठेवायचं आणि उरलेलं कारखान्यांमध्ये वाटायचं. त्यामुळे दोन शहरांच्या मर्यादा वेगळ्या येतात, आणि तेच बरोबर आहे, पोटं वेगळी असतील तर जेवणही वेगळं. पातळ करून पास होण्यावर तिथे स्पष्ट बंदी आहे. पेट घेणारं काही नाही, जोरदार ऍसिड नाही, आणि टँकरने आणलेलं पाणी ठरवून दिलेल्या जागेशिवाय कुठेही ओतायचं नाही. मोठ्या कारखान्यांची वर्षातून एकदा तरी तपासणी. आणि मला सगळ्यात आवडलेला नियम, जे मोठे उल्लंघन करतात त्यांची नावं दरवर्षी पेपरात छापायची. दंड कंपनी भरते, पण पेपरातलं नाव मालकाची सासू वाचते.

ब्रिटनमध्ये पैशाचा रस्ता आहे, तुमचं पाणी घरगुती मैलापाण्यापेक्षा किती कडक आहे त्याप्रमाणे बिल वाढतं, मॉगडेन सूत्र म्हणतात त्याला, लंडनमधल्या एका प्लांटच्या नावावरून. बिस्किटवाला, दूधवाला, दारूवाला अशांच्या बाबतीत हे छान चालतं कारण त्यांची घाण जिवाणूंना पचणारी असते, खा आणि पैसे द्या. क्रोमवाल्याला हे लावून उपयोग नाही, विषाला दर लावता येत नाही.

आपल्याकडे काय आहे? कायदा कच्चा आहे असं मी म्हणणार नाही. 1974 चा जल कायदा आहे, त्यात नदीबरोबर गटाराचाही उल्लेख आहे, म्हणजे गटारात सोडायलाही मंडळाची संमती लागते. महाराष्ट्राचं मंडळ तर त्याही आधीचं, 1970 चं. संमतीपत्रात दिवसाला किती लिटर, त्यात काय काय किती, ईटीपी, म्हणजे कारखान्याचा स्वतःचा सांडपाणी साफ करायचा प्लांट, कोणता, सगळं लिहिलेलं असतं, आणि नाहीच ऐकलं तर वीज-पाणी तोडायचा आदेश देता येतो. पण संमती मंडळाची, गटार महापालिकेचं, औद्योगिक क्षेत्र एमआयडीसीचं. फेस आला की तिघं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि तिघंही कागदावर बरोबर असतात! ज्या माणसाचं विरजण मेलं, म्हणजे एसटीपी चालवणारा, त्याला कारखान्याच्या दारात जाऊन ‘चेंबर उघड’ म्हणायचा अधिकार सहसा नसतो, तो फक्त पत्र लिहितो.

सॅम्पलचंही सांगतो, कारण इथे बऱ्याच केसेस गळतात. कायदेशीर सॅम्पल घ्यायचं तर जागच्या जागी नोटीस द्यायची, मालक किंवा त्याच्या माणसासमोर सॅम्पलचे दोन भाग करायचे, दोन्ही बाटल्या सील, दोघांच्या सह्या. यातलं काही चुकलं तर कोर्टात ती बाटली म्हणजे नुसतं पाणी. हे योग्यच आहे, नाहीतर कुणीही कुठूनही बाटली भरून आणेल. पण त्यामुळे सॅम्पल हे एका क्षणाचं असतं, सकाळी अकरा वाजताचं, चहा झाल्यावरचं. टाकी रिकामी होते रात्री दोनला. खरं चित्र हवं असेल तर 24 तासांत थोडं थोडं गोळा करून एकत्र केलेलं सॅम्पल हवं, किंवा लाइनवर कायमचा सेन्सर. 2014 मध्ये केंद्रीय मंडळाने जास्त प्रदूषण करणाऱ्या सतरा प्रकारच्या उद्योगांना ऑनलाइन मीटर लावायला सांगितलं, ते चांगलंच झालं, पण गल्लीतला प्लेटिंगवाला त्यात कसा येणार? आणि मीटरलाही बादलीभर साध्या पाण्यात बुडवून ठेवता येतं, तेवढं डोकं आपल्याकडे आहे.

एक ताजं उदाहरण अहमदाबादचं. साबरमतीच्या पाण्यावरून गुजरात हायकोर्टाने 2021 मध्ये स्वतःहून केस घेतली. चौकशीत दिसलं ते हेच, की शहराचे एसटीपी नियमात चालत नव्हते आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे कारखान्यांचं पाणी, बरंचसं कापड छपाई-रंगाईचं, महापालिकेच्या गटारात येत होतं. कोर्टाने संयुक्त कृती दल नेमलं आणि औद्योगिक जोडण्या तोडायला लावल्या. रातोरात युनिटं बंद पडली, कामगार घरी बसले. बरोबर झालं का? मला विचाराल तर नाइलाज होता, पण तोडणं हे नियमन नाही, नियमन वर्षानुवर्षं झालं नाही म्हणून तोडावं लागलं. सुप्रीम कोर्टाने 22 फेब्रुवारी 2017 लाच सांगून ठेवलं होतं की चालू स्थितीतला ईटीपी नसेल तर कारखाना चालवायचा नाही, आणि अनेक कारखान्यांचे मिळून सामायिक प्लांट तीन वर्षांत उभे करा. ती याचिकाही गुजरातमधल्याच पर्यावरण सुरक्षा समितीची.

सामायिक प्लांट, सीईटीपी, हे छोट्यांसाठीचं खरं उत्तर. पण तिथेही तोच खेळ वेगळ्या मैदानावर, प्रत्येकाने आपल्या दारात थोडं साफ करून पाठवायचं असतं आणि प्रत्येकाला वाटतं बाकीचे करतायत ना.

आता छोट्या प्लेटिंगवाल्याच्या बाजूने पण बोललं पाहिजे, नाहीतर मी इथे साधू आणि शेठ खलनायक असं होईल. क्रोमचं पाणी साफ करणं अवघड नाही. ऍसिड टाकून पीएच दोन-अडीचवर आणायचा, सोडियम बायसल्फाइट टाकायचं, डोळ्यांदेखत पिवळ्याचं हिरवं होतं, म्हणजे क्रोम सिक्सचा क्रोम थ्री झाला, विषारीपणा बराच उतरला. मग चुना टाकून पीएच साडेआठच्या आसपास, की हिरवट गाळ खाली बसतो, वरचं पाणी सोडा. बारावीच्या केमिस्ट्रीएवढंच आहे. पण तो गाळ घातक कचरा म्हणून तळोज्याला नाहीतर रांजणगावला पाठवायचा, किलोमागे पैसे, गाडीभाडं, फॉर्म. भाड्याचा शेड, जॉबचा रेट ठरवणार वरची मोठी कंपनी, ती पार्टमागे पैशापैशाने घासाघीस करणार आणि स्वतःच्या रिपोर्टात हिरवी झाडं छापणार. शेजारचा गाळ न पाठवता पाणी सोडून देतो म्हणून त्याचा रेट कमी, ऑर्डर त्याला. प्रामाणिक माणूस इथे धंद्यातून बाहेर फेकला जातो, म्हणून तपासणी कडक असणं हे प्रामाणिक शेठच्याच फायद्याचं आहे, ही गोष्ट आमच्या असोसिएशनमध्ये बोलली की लोक चहा घ्यायला उठायचे.

आमच्याकडे जे सुधारलं ते बोर्डामुळे नाही, एका म्हाताऱ्या कामगारामुळे, सगळे त्यांना मामा म्हणायचे. मामा आधी कुठेतरी मोठ्या कंपनीत होते. ते जिग बाथमधून वर काढली की लगेच धुवायला न्यायचे नाहीत, बाथवरच धरून मनात पंधरापर्यंत मोजायचे, थोडं तिरपं करून कोपऱ्यातला थेंब झटकायचे, मग पुढे. बाकीची पोरं हसायची कारण प्रत्येक जिगला पंधरा सेकंद म्हणजे पीसवर्कला, नगामागे मिळणाऱ्या पैशाला, मार. मी एकदा दोघांचं धुण्याचं पाणी वेगळं घेऊन ब्युरेट लावली, पोरांच्या टाकीला मामांच्या कितीतरी पट जास्त क्रोम. मग शेठना सांगून बाथ आणि पाण्याच्या टाकीच्या मध्ये तिरका पत्रा बसवला, थेंब परत बाथमध्ये, आणि जिग अडकवून ठेवायला वर एक आडवी दांडी, म्हणजे हात अडकत नाही आणि पीसवर्क पण जात नाही. धुण्याची पहिली टाकी वाहती न ठेवता साचलेली ठेवली आणि तिचं पाणी बाथ कमी झाला की त्यातच भर म्हणून घालायला लागलो.

तीन महिन्यांनी शेठ खरेदीची बिलं घेऊन लॅबमध्ये आले, कपाळाला आठ्या. म्हणाले, क्रोमिक ऍसिड एवढं कमी का लागतंय, तुम्ही लोक बाथ पातळ चालवताय की काय? मी म्हटलं, शेठ, आधी जे लागत होतं ते बाथला लागत नव्हतं, मागच्या चेंबरला लागत होतं.